रसायनांच्या संपर्कातील काँक्रीट आणि निविदेतील एक ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रासायनिक कारखाना उभारताना आम्लासाठी कोणत्या धातूची टाकी घ्यायची, कोणता व्हॉल्व्ह बसवायचा आणि गॅस्केट कशाचे असावे, यावर महिनोन्महिने खल चालतो. त्याच टाकीखालचा चौथरा, तिच्याभोवती गळती अडवण्यासाठी बांधलेला हौद, सांडलेले वाहून नेणारी नाली आणि शेवटी ते सारे जिथे जमा होते तो खड्डा यांच्याबद्दल मात्र निविदेत बहुधा एकच ओळ आढळते: ‘काँक्रीटच्या पृष्ठभागास इपॉक्सीचे दोन हात देणे.’ ही ओळ रंगकामाच्या सदरात असते. तिची पाळी येते तेव्हा यंत्रे बसलेली असतात, कारखाना सुरू करण्याची तारीख ठरलेली असते आणि काँक्रीट अजून पुरते वाळलेले नसते. अशा कामांची तपासणी हा माझा व्यवसाय असल्याने एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटते. रसायनांच्या संपर्कात येणाऱ्या काँक्रीटवरचा सेंद्रिय लेप, म्हणजे इपॉक्सीसारख्या रेझिनचा (घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेचा) थर, हा रंग नसून रचनेचाच भाग आहे, आणि त्याचा निर्णय आराखडा तयार होत असतानाच व्हायला हवा.

याचे कारण काँक्रीटच्या स्वभावात आहे. सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेतून जे पदार्थ तयार होतात ते अल्कधर्मी असतात. काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतील पाण्याचा पीएच साधारण १२.५ ते १३.५ असतो. आतल्या सळईला गंज चढत नाही तो याच अल्कतेमुळे, आणि आम्लापुढे काँक्रीट हतबल ठरते तेही याच अल्कतेमुळे. आम्ल आधी कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळवते आणि मग सिमेंटला बळ देणाऱ्या कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटमधील कॅल्शियम ओढून घेते. मागे उरतो तो सिलिकाचा मऊ, भुसभुशीत थर, ज्याला बोटाने खरवडता येते. खडी चुनखडीची असेल तर तीही विरघळते. पाण्याचे प्रमाण कमी ठेवून, फ्लाय अ‍ॅश (कोळशाची उडती राख), लोखंडाच्या भट्टीतील धातुमळी किंवा सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिसूक्ष्म पूड) घालून काँक्रीट घट्ट करता येते, आणि ते करावेच. परंतु त्यामुळे तीव्र आम्लाचा हल्ला मंदावतो, थांबत नाही. युरोपीय मानक ईएन २०६ मध्ये रासायनिक आक्रमणाचा सर्वांत कडक वर्ग पीएच ४.५ ते ४.० एवढ्यावर संपतो. कारखान्यात सांडणारे आम्ल याच्या कितीतरी खाली असते, म्हणजे जिथे केवळ चांगल्या काँक्रीटवर विसंबण्याची सोय संपते तिथूनच आपला विषय सुरू होतो.

प्रत्येक रसायनाची इजा करण्याची रीत वेगळी आहे, आणि हे लक्षात न घेता लेप निवडणे व्यर्थ आहे. सल्फ्युरिक आम्ल सिमेंटमधील चुन्याचे जिप्सम करते, आणि आतल्या, अजून अल्कधर्मी असलेल्या भागात सल्फेट पोहोचले की एट्रिंगाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक फुगून काँक्रीट आतून फोडतात. म्हणजे वरून विरघळणे आणि आतून फुटणे असे दोन्ही एकाच वेळी चालते. हायड्रोक्लोरिक आम्लाने तयार होणारे कॅल्शियम क्लोराइड पाण्याबरोबर वाहून जाते, पण क्लोराइड सळईपर्यंत झिरपते आणि तिथे गंज धरू लागतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागत असल्याने सळईवरचे काँक्रीट पापुद्रे सुटून निघते. आम्लच लागते असेही नाही. अमोनियम नायट्रेट किंवा अमोनियम सल्फेट यांसारखी खते ओलसर काँक्रीटवर पडली की अमोनिया वायू सुटतो आणि चुना क्षाररूपात बाहेर पडतो. खतांच्या गोदामातील जमीन उखडते तेव्हा दोष मात्र गाड्यांच्या चाकांना दिला जातो. दुधातील लॅक्टिक आम्ल आणि साखरेचा पाक यांनीही काँक्रीट खाल्ले जाते, हे अन्नप्रक्रिया उद्योगातील अनेकांना खरे वाटत नाही.

सांडपाण्याच्या बंद वाहिन्यांत तर कोणी आम्ल ओतलेलेही नसते. तळाच्या गाळातील जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. तो वर जाऊन वाहिनीच्या ओल्या छतावर साचतो आणि तिथले दुसरे जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात, ज्याचा पीएच १ च्या आसपास उतरू शकतो. मेलबर्नमधील वाहिन्यांचा अभ्यास करताना पार्कर या संशोधकांनी १९४५ मध्ये या जिवाणूंचा संबंध दाखवून दिला. पाण्याखालचा भाग शाबूत आणि पाण्यावरचा भाग खचलेला, हे दृश्य तेव्हापासून तपासनिसांच्या ओळखीचे आहे. तरीही सांडपाण्याच्या टाक्यांना लेप देताना पाण्याच्या पातळीपर्यंतच देऊन वरचा भाग आणि झाकणाची खालची बाजू कोरी सोडण्याची कामे आजही होतात, म्हणून हे येथे लिहिणे भाग पडते.

आता लेपाकडे वळू. ‘इपॉक्सी’ एवढे एकच नाव लिहून काम भागत नाही, कारण त्या नावाखाली अनेक वेगवेगळी रसायने येतात आणि इपॉक्सीखेरीज इतर रेझिनेही आहेत. साधे बिस्फेनॉल-ए इपॉक्सी अल्क, क्षार आणि सौम्य आम्ले यांना उत्तम तोंड देते. ३० टक्क्यांच्या आतबाहेरचे सल्फ्युरिक आम्ल ते सहसा सोसते, परंतु ९८ टक्क्यांचे तेच आम्ल रेझिनमधील पाण्याचा अंश ओढून त्याला काळे करून जाळते. तिथे नोव्होलॅक इपॉक्सी लागते, ज्याच्या रेणूंची परस्परांतील गुंफण अधिक दाट असते. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. हे तीव्र आम्ल साठवायला साधी पोलादी टाकी चालते, पण ते सांडल्यावर कामगार घाईने पाण्याचा नळ सोडतात, आम्ल सौम्य होताना प्रचंड तापते, आणि लेपाला एकाच तासात तीव्र, मध्यम आणि सौम्य अशा तिन्ही प्रकारच्या आम्लांचा, तोही गरम, सामना करावा लागतो. आराखड्यात मात्र ‘सल्फ्युरिक आम्ल, ९८ टक्के’ एवढेच लिहिलेले असते.

नायट्रिक आम्ल हे ऑक्सिडीकारक असल्याने अमाइन या रसायनाने पक्व (घट्ट) होणाऱ्या इपॉक्सींना ते पिवळे पाडून ठिसूळ करते. तिथे व्हिनिल एस्टर हे रेझिन अधिक टिकते. तीव्र अ‍ॅसेटिक आम्ल नावाने साधे वाटते, पण ते अनेक इपॉक्सींना फुगवून सैल करते. मिथिलीन क्लोराइड तर रंग काढण्यासाठीच वापरले जात असे, तेव्हा त्याच्यापुढे सामान्य लेप टिकण्याची अपेक्षाच चूक आहे. स्वस्त पॉलिएस्टर रेझिनाच्या साखळीतील एस्टर बंध कॉस्टिक सोड्याने तुटतात, आणि ताज्या काँक्रीटची ओलसर अल्कताही त्याला पुरेशी घातक ठरते. हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या बाबतीत तर रेझिन योग्य असूनही लेप वाया जातो, कारण हे आम्ल काच आणि वाळू दोन्ही खाते. म्हणजे भरण म्हणून सिलिकाची पूड आणि बळकटीसाठी काचतंतूंची चटई वापरली असेल तर आम्ल त्याच वाटेने आत शिरते. तिथे कार्बनची पूड आणि कृत्रिम तंतूंची जाळी वापरावी लागते. पॉलीयुरिया हे रेझिन काही सेकंदांत घट्ट होते, भेगांवर ताणले जाते आणि म्हणून विक्रेत्यांचे लाडके आहे. पण इतक्या लवकर घट्ट होणारा पदार्थ काँक्रीटच्या छिद्रांत मुरत नाही, त्यामुळे खाली योग्य प्राइमर नसेल तर तो चादरीसारखा सलग सोलून निघतो.

रेझिन बनवणाऱ्या कंपन्या रसायनरोधकतेचे तक्ते देतात, पण ते वाचताना रसायनाच्या नावाबरोबरच त्याची तीव्रता, तापमान आणि संपर्काचा काळ पाहावा लागतो. सतत बुडालेले असणे, अधूनमधून शिंतोडे उडणे आणि केवळ वाफ लागणे या तीन वेगळ्या परिस्थिती आहेत. सांडलेले रसायन ठरावीक तासांत उपसले जाईल असे गृहीत धरून दिलेली शिफारस, ज्या खड्ड्यात आम्ल वर्षभर साचून राहते तिथे लावली जाते आणि मग रेझिनला बोल लावला जातो. दोन रसायने एकामागून एक येणार असतील, किंवा धुण्यासाठी गरम पाणी वापरले जाणार असेल, तर तक्त्यातील एकेकट्या नोंदी पुरत नाहीत. अशा वेळी लेपाचे नमुने करून ते प्रत्यक्ष वापरातील द्रवात, प्रत्यक्ष तापमानात ठेवून त्यांचे वजन, कठीणपणा आणि रूप काही आठवडे तपासणे हाच खरा मार्ग आहे. त्याला लागणारा वेळ आराखड्याच्या टप्प्यावर मिळतो, कारखाना सुरू होण्याच्या आठवड्यात मिळत नाही.

जाडीचा प्रश्नही असाच हेळसांडीचा आहे. ‘दोन हात’ म्हणजे किती? पातळ लेपाची एकूण जाडी दोन-अडीचशे मायक्रॉन असू शकते, तर सतत बुडालेल्या खड्ड्यासाठी काचतंतूंची चटई घातलेले किंवा काचेच्या सूक्ष्म पापुद्र्यांनी भरलेले काही मिलिमीटर जाडीचे अस्तर लागते. हे पापुद्रे पृष्ठभागाला समांतर बसतात आणि आत शिरणाऱ्या रसायनाला वळसे घालायला लावतात. याहून कठोर परिस्थितीत, म्हणजे गरम आम्ल आणि अवजड वाहतूक एकत्र असेल तिथे, आम्लरोधक विटांचे अस्तर घातले जाते. तिथेही द्रव अडवण्याचे काम विटा करत नाहीत. त्यांच्याखालचा सलग पडदा ते करतो, आणि विटा त्या पडद्याला उष्णतेपासून व झिजेपासून वाचवतात. हा पडदा वगळून केवळ विटा बसवलेल्या जमिनीखाली पोखरलेले काँक्रीट सापडते, तेव्हा आश्चर्य वाटण्याचे कारण नसते.

परंतु माझ्या पाहण्यातील बहुतांश लेप रेझिनच्या निवडीमुळे फसलेले नाहीत. ते पृष्ठभागाच्या तयारीत फसले आहेत, आणि येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. काँक्रीट ओतून थापीने घोटताना सिमेंटचे बारीक कण पाण्याबरोबर वर येतात आणि वाळल्यावर त्यांची एक कमकुवत साय तयार होते. दिसायला ती गुळगुळीत, सुबक असते आणि मालकाला तीच आवडते. तिच्यावर दिलेला लेप तिलाच चिकटतो आणि तिला घेऊन उचलला जातो. शॉट ब्लास्टिंगने (पोलादी गोळ्यांच्या माऱ्याने) किंवा हिऱ्याच्या ग्राइंडरने ही साय काढून बारीक खडी उघडी करावी लागते, आणि किती खरबरीतपणा हवा हे जाड लेपासाठी वेगळे, पातळ लेपासाठी वेगळे असते. ते ठरवण्यासाठी रबरी नमुने मिळतात, ज्यांच्याशी पृष्ठभाग हाताने ताडून पाहता येतो. स्वस्तातला उपाय म्हणून जमीन सौम्य आम्लाने धुण्याची पद्धत अजून चालते. त्यात ओल वाढते, क्षार मागे राहतात, आणि तेलकट डागांवर आम्ल चालतच नाही. साच्याचे तेल आणि काँक्रीटला ओल टिकावी म्हणून फवारलेले मेण हेही वेळीच काढले नाहीत तर कोणताही लेप धरत नाही.

त्यानंतर ओलाव्याचा मुद्दा येतो. ‘अठ्ठावीस दिवस झाले, आता लेप द्या’ हे वाक्य प्रत्येक कामावर ऐकू येते. वास्तविक २८ दिवस हा काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचा संकेत आहे. काँक्रीट वाळण्याशी त्याचा थेट संबंध नाही, कारण ते वाळणे जाडीवर, हवेवर आणि जमिनीतून येणाऱ्या ओलीवर अवलंबून असते. सर्वांत साधी तपासणी म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास ठेवणे. खाली दव जमले किंवा काँक्रीट काळपट दिसले तर थांबायचे. ही चाचणी ढोबळ आहे, काँक्रीटच्या आतील सापेक्ष आर्द्रता मोजणारी साधने अधिक विश्वासार्ह आहेत, पण निदान हा तुकडा तरी लावावा. जमिनीवर थेट ओतलेल्या फरशीखाली प्लॅस्टिकचा ओलरोधक थर नसेल तर ती कधीच पुरती वाळत नाही, आणि लेपाखाली पाण्याने भरलेले फुगे येत राहतात. तो थर घालायचा की नाही हा निर्णय काँक्रीट ओतण्याआधीचा आहे, लेप देणाऱ्याच्या हातातला नाही. माझ्या मूळ मुद्द्याचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही.

लेप दिवसाच्या कोणत्या वेळी द्यायचा यालाही महत्त्व आहे. सकाळी ऊन चढू लागले की काँक्रीटच्या छिद्रांतील हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि ओल्या लेपात बुडबुडे करते. बुडबुडा फुटला की टाचणीएवढे छिद्र उरते आणि आम्लाला तेवढे पुरते. म्हणून पहिला थर काँक्रीट थंड होत असताना, दुपार उलटल्यावर द्यावा, म्हणजे हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर रेझिनही मुरते. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस जास्त असावे हा नियमही याच पंक्तीतला आहे. दमट, थंड हवेत अमाइन हार्डनर (इपॉक्सी घट्ट करणारा घटक) हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि ओल यांच्याशी संयोग पावून वर तेलकट, चिकट पापुद्रा आणते. तो कोमट पाण्याने धुऊन काढल्याशिवाय दुसरा थर दिला तर दोन थरांतच फूट पडते.

सपाट जागा क्वचितच फसते. फसतात त्या भिंत आणि जमीन मिळतात ते काटकोन, नालीची कड, पंपाच्या पायातील बोल्ट, जमिनीतून वर येणारा नळ आणि प्रसरणाचे सांधे. कोपऱ्याला गोलाई न दिल्यास लेप तिथे पातळ होतो, आणि सांध्यावरून ताणून नेलेला लेप पहिल्याच ऋतुबदलात फाटतो. भरण न घातलेल्या इपॉक्सीचा उष्णतेने होणारा प्रसार काँक्रीटच्या कित्येक पट असल्याने जिथे गरम पाण्याने किंवा वाफेने धुणे चालते तिथे तर सिमेंटमिश्रित पॉलीयुरेथेनचा जाड थरच योग्य ठरतो.

तपासणीच्या पद्धती उपलब्ध आहेत आणि त्या अवघड नाहीत. लेपावर धातूची चकती चिकटवून ती यंत्राने ओढली की चिकटण्याची ताकद मिळते. फरशीसाठी दर चौरस मिलिमीटरला दीड न्यूटन ही मर्यादा बरेचदा धरली जाते, पण आकड्यापेक्षा तुटले कुठे हे अधिक बोलके असते: चकतीबरोबर काँक्रीटचा तुकडा निघाला तर काम चांगले, स्वच्छ लेप निघाला तर तयारी कच्ची. उच्च दाबाच्या विजेने छिद्रे शोधण्याची चाचणीही काँक्रीटवर करता येते, फक्त त्यासाठी खालचा प्राइमर वीजवाहक असावा लागतो, आणि तो लेपाची निवड करतानाच ठरवावा लागतो.

हे काम करणाऱ्यांच्या जिवाचा विचार निविदेत क्वचितच असतो. इपॉक्सी आणि त्याचे हार्डनर अंगावर पडत राहिल्यास त्वचेला कायमची अ‍ॅलर्जी होते, पॉलीयुरेथेनमधील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, व्हिनिल एस्टरमधील स्टायरीनची वाफ बंद खड्ड्यात साचून पेटूही शकते, आणि त्याच रेझिनचा पेरॉक्साइड उत्प्रेरक कोबाल्टच्या प्रवेगकात थेट मिसळला तर स्फोट होतो. वायुवीजन, मुखवटे आणि मिश्रणाचे प्रशिक्षण यांचा खर्च दरात धरायला हवा.

लेप हाच सर्वत्र उपाय आहे असे मात्र मी म्हणणार नाही. सौम्य, थंड कॉस्टिकच्या संपर्कातील घट्ट काँक्रीट कोऱ्या अवस्थेतही टिकते. एखाद्या पंपाची गळती थांबवणे किंवा खाली तबक ठेवणे हे अख्खी जमीन लिंपण्यापेक्षा शहाणपणाचे असते. आणि ज्या जुन्या काँक्रीटमध्ये क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले आहे, त्याच्यावर नवा लेप देऊन गंज थांबत नाही; तो फक्त दिसेनासा होतो. तिथे खराब काँक्रीट काढून, सळई स्वच्छ करून, नवे मिश्रण भरून ते वाळल्यावरच लेपाचा विचार करावा.

यावर खर्च वाढेल ही हरकत घेतली जाईल, आणि सुरुवातीला तो वाढतोच. माझी सूचना एवढीच आहे की निविदेत पृष्ठभागाची तयारी, ओलावा-चाचणी, नमुना-चौकोन (आधी छोट्या जागेत लेप देऊन पाहणे) आणि ओढ-चाचणी यांच्या स्वतंत्र दरांच्या बाबी असाव्यात, म्हणजे कंत्राटदाराला त्या टाळून पैसे वाचवण्याचा मोह होणार नाही. रसायनांची यादी तीव्रता, तापमान आणि संपर्ककाळ यांसह प्रक्रिया अभियंत्याने सही करून द्यावी. लेपासाठीचे दिवस वेळापत्रकात आधीच राखून ठेवावेत आणि तेवढे दिवस इतर कामांची माणसे त्या भागातून दूर ठेवावीत. लेप देणाऱ्याने पुरवलेल्या दहा वर्षांच्या हमीपत्रावर मालक मंडळी फार विसंबतात, पण अशा हमीपत्रातून बहुधा रेझिनची किंमत परत मिळते, बंद पडलेल्या कारखान्याची नाही. त्यापेक्षा रोजचे तापमान, दवबिंदू, मिश्रणाचे डबे आणि चाचण्यांचे आकडे असलेली कामाची नोंदवही मालकाने मागून घ्यावी आणि पहिली दुरुस्ती निघेपर्यंत ती जपून ठेवावी.

आपला विश्वासू,
एक स्थापत्य अभियंता